बदली येईपर्यंत

१

दिल्लीत सरोजिनी नगरच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये दर ऑक्टोबरला एक पाहुणा यायचा. चहा मागायचा नाही, अंघोळीला पाणी मागायचा नाही, टीव्हीचा आवाज कमी करा म्हणायचा नाही. पंधरा दिवस राहायचा आणि आला तसा निघून जायचा. असा पाहुणा मिळायला नशीब लागतं, असं सुभेदार वाल्मीक मेश्राम पार्कातल्या बाकावर बसून सांगत. ऐकणाऱ्याने "कोण हो?" असं विचारलं की मिशीवरून बोट फिरवत, थोडं थांबत आणि म्हणत, "ट्रंक."

काळ्या पत्र्याची फौजी ट्रंक. वर पांढऱ्या रंगात नाव: समाधान तायडे. आत एक वर्दी, दोन कांबळी, एक चादर, एक मग आणि सात नंबरचे बूट. हा समाधान अठ्ठावीस वर्षांपूर्वी बर्फात मेला होता. पण तो ज्या चौकीवर मेला तिथे त्याची खाट अजून होती. रोज सकाळी कुणीतरी तिच्यावर चादर ताणून घालायचं, बूट पॉलिश करून खाली ठेवायचं. दुपारी पाहावं तर चादर चुरगळलेली आणि बुटांना चिखल. म्हणजे रात्रभर पहारा देऊन जवान दिवसा झोपून गेला. पलटणी बदलल्या, खाट राहिली. समाधानला बढत्या मिळाल्या. आणि वर्षातून एकदा, रस्ते बर्फाने बंद व्हायच्या आत, रजाही मिळू लागली. रेल्वेत त्याच्या नावाचा बर्थ राखून ठेवत. सोबत येणारा हवालदार समोरच्या बर्थवर बसे आणि कितीही गर्दी असली तरी त्या रिकाम्या बर्थवर स्वतःची पिशवीसुद्धा ठेवत नसे.

पहिली बरीच वर्षं ट्रंक वर्धा जिल्ह्यात समाधानच्या आईकडे जायची. सहा वर्षांपूर्वी ती माउली गेली. तिच्यामागे कुणी नव्हतं. रजेच्या कागदावर पत्ता तर हवा. तेव्हा वाल्मीकने आपला दिला.

हे सगळं तुम्हाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या. या गोष्टीत खोटं काय आहे ते मी स्वतःच सांगणार आहे, आणि ते फार लांब नाही.

२

खोटं होतं चादरीत. पहिल्यांदा ती चादर चुरगळली ती वाल्मीकने.

समाधान गेल्याला आठ दिवस झाले होते. बंकरमध्ये सहा खाटा, आणि त्यातल्या एकीवरची चादर आठ दिवस तशीच सपाट. ती सपाट चादर वाल्मीकला बघवेना. दुपारी सगळे बाहेर बर्फ उपसत असताना तो जाऊन तिच्यावर पालथा पडला. उठला, तर चादरीवर माणूस उमटलेला. तेवढ्यात कुणीतरी आत आलं, चादर बघितली, वाल्मीककडे बघितलं, आणि वाल्मीक म्हणाला, "मी नाही. मी आत्ताच आलो."

एवढंच. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी लोक बघायला आले तेव्हा त्यांना निराश करवेना, म्हणून त्याने बुटांनाही चिखल लावला. थापा मारायची त्याला जन्मापासून हौस, पण आपली थाप सरकारी होईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पलटण खाली उतरली तेव्हा नव्या पलटणीला सोपवायच्या सामानाच्या यादीत रॉकेलचे स्टोव्ह, फावडी, दोऱ्या यांच्याखाली लिहिलं होतं: खाट एक, समाधान तायडे एक.

त्यानंतर चादर कोण चुरगळायचं? वाल्मीकने कधी विचारलं नाही. असेल आपल्यासारखाच कुणीतरी, असं तो धरून चालला. आणि त्याच्याकडे पुरावा होता. दिल्लीतल्या घरात तो स्वतः मागच्या खोलीतल्या दिवाणावर चादर ताणून घाली, कोपरे फौजी पद्धतीने दुमडे, बूट खाली ठेवी. पाच वर्षं, दरवर्षी पंधरा दिवस, त्या चादरीवर एक सुरकुती पडली नव्हती. इथे चुरगळणारं कुणी नव्हतं, म्हणून चुरगळत नव्हती. साधा हिशेब.

"बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून भुताला अंथरूण घालता, पप्पा," त्याची मुलगी ऋचा म्हणायची. ती एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होती, फायलीतला प्रत्येक कागद पाठपोट वाचल्याशिवाय सही न करणारी. "बाहेर कुणाला कळलं ना, समाजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"भुताला नाही गं," वाल्मीक म्हणायचा. "रजेवरच्या माणसाला."

३

या वर्षी मात्र ट्रंकेला पुढल्या वर्षाचा पत्ता नव्हता. सगळा ब्लॉक पाडायचा होता. बारापैकी नऊ क्वार्टर रिकामी झाली होती, त्यांच्या खिडक्यांतून कबुतरं राहायला आली होती, आणि ऋचाला महिनाअखेर घर सोडायची नोटीस होती.

म्हणून वाल्मीकने उन्हाळ्यातच एक अर्ज केला होता. समाधान तायडे यांची सेवेची वर्षं कधीच भरली आहेत, माझ्या बरोबरीचे सगळे घरी बसले आहेत, तरी त्यांना निवृत्त करून सोडावं. खाली त्याने हेही लिहिलं होतं की चादर आणि बूट हे काम सुरुवातीला माझं होतं. त्याला वाटलं होतं, आता चौकशी लागेल, निदान कुणी रागावेल तरी. एका कार्यालयाने कळवलं, अर्ज विचाराधीन आहे. दुसऱ्याने कळवलं, या नावाचा जवान आमच्या नोंदीत नाही. दोन्ही उत्तरं त्याने एकाच पाकिटात ठेवली. आणि तिसऱ्या महिन्यात, ज्याची नोंद नाही त्या जवानाची रजा मंजूर झाल्याचा कागद आला.

ट्रंक घेऊन हवालदार राघव आला. लातूरकडचा, चाळिशीचा, दरवर्षी तोच यायचा. ट्रंक जिन्यावरून वर आणताना तो दोनदा टेकला. म्हणाला, साब, या साली जड लागतेय, माझंच वय झालं असेल. चहा झाला. मग त्याने पोचपावतीची वही काढली, उघडली आणि एका जागी बोट ठेवलं. वाल्मीकने सही केली.

आता फौजेत राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण तुम्हा-आम्हाला सांगतो. तिथे बोट जिथे पडतं तिथे सही पडते. माणूस अठ्ठावीस वर्षं असा सह्या करत येतो आणि शेवटी एका सहीवर घरी जातो. वाचत कुणी नाही. चष्मा तर आतल्या खोलीत होता.

राघवने खालची निळी कार्बन प्रत फाडून टेबलावर ठेवली, सलाम केला आणि गेला. वाल्मीकने ती प्रत मीठदाणीखाली दाबली.

४

चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता वाल्मीक मागच्या खोलीत वाळलेले कपडे ठेवायला गेला आणि कपडे हातात घेऊन उभाच राहिला.

दिवाणावरची चादर चुरगळली होती.

फार नाही. मध्यभागी एक लांबट खळगा, उशीकडे थोडा खोल. पायाकडचा दुमडलेला कोपरा सुटून बाहेर आला होता, झोपेत पाय ताणल्यावर येतो तसा.

त्याने आधी मांजर शोधलं. मग आठवलं की मांजर येईल अशी फट घरात नाही. संध्याकाळी ऋचाला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, मी सकाळी नऊला गेले, सहाला आले, तुमच्या पाहुण्याच्या खोलीत मी पाय ठेवत नाही, आणि यार पप्पा, दुपारी तुम्हीच लवंडला असाल. वाल्मीकला हे एकदम पटलं. साठीला आलेला माणूस, जुनी सवय, झोपेत चालून गेलो असेन. एकदा चोरी केलेला माणूस पुन्हा त्याच घरात शिरू शकतोच की.

दुसऱ्या दिवशी चादर ताणून घालून त्याने खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली ऋचाच्या पर्समध्ये टाकली. ती ऑफिसला घेऊन गेली. संध्याकाळी तिच्या देखत कुलूप उघडलं. खळगा तिथेच होता. ऋचा वाकली, हात पुढे केला आणि चादरीला न लावताच मागे घेतला.

"गादी जुनी आहे," ती म्हणाली. "कापूस बसला असेल."

"हो," वाल्मीक म्हणाला. "बिल्कुल."

दोघंही जेवताना जास्त बोलली. शेजारचे रेड्डी कुठे गेले, नव्या घराचं भाडं, नोएडाला पाणी कसं आहे. मागच्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं. ते लावायला दोघांपैकी कुणी उठलं नाही.

५

मग बूट. ऑक्टोबरात दिल्लीत धूळ असते, चिखल नसतो. सातव्या दिवशी बुटांच्या तळव्यांना राखाडी, खडीमिश्रित चिखल होता आणि फरशीवर पाण्याचं छोटं थारोळं. वाल्मीकने वरच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये जाऊन नळ तपासले. कोरडे. खाली आला, थारोळ्यात बोट बुडवलं. पाणी इतकं थंड की बोट दुखलं.

त्याने बूट पुसले, पॉलिश केले आणि पुन्हा जागेवर ठेवले. दुसरं काय करणार? पार्कात त्या दिवशी त्याने गोष्ट सांगितली नाही. कुणी विचारलं तर म्हणाला, पाहुण्याची तब्येत बरी आहे.

नवव्या दिवशी दुपारी दोनला फोन वाजला.

बाहेरच्या खोलीतला जुना, काळा, तबकडीचा फोन. त्याची तार दोन वर्षांपूर्वी कापली होती. ऋचा तो भंगारात द्यायला निघाली होती, पण वाल्मीकनेच ठेवून घेतला होता, शोभेला म्हणून. तारेचं टोक भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळलेलं होतं. ते त्याने आत्ताही पाहिलं. फोन एकदाच वाजला, लांब, खरखरीत. तबकडीच्या फोनसारखा नाही. मुठीने दांडी फिरवून वाजवतात त्या फोनसारखा.

ब्लॉकमागे खोदकाम चाललं होतं. मजुरांचं फावडं एखाद्या केबलला लागलं की असं होत असेल. तार कापलेली असली तरी होतं का असं? होत असेल. वाल्मीक बसून राहिला. बाहेर बाजारात कुणीतरी दोनशेला दोन, दोनशेला दोन असं ओरडत होतं.

अडीचला पुन्हा वाजला. तीनला. साडेतीनला. साडेपाचपर्यंत आठ वेळा. सहाला ऋचा आली आणि घर गप्प झालं.

दुसऱ्या दिवशीही दोनपासून साडेपाचपर्यंत आठ. वाल्मीक समोर बसला होता, हात मांडीवर. त्याने एकदाही उचलला नाही. अर्धा तास म्हणजे किती हे त्याच्या अंगाला घड्याळाशिवाय कळत होतं.

सोळा झाले होते.

६

त्या संध्याकाळी त्याने ऋचाला जे सांगितलं ते पार्कात कधी सांगितलं नव्हतं. त्यात एकही थाप नव्हती, म्हणून असेल, त्याला नीट सांगता येईना.

चौकीच्या तीनशे पावलं पुढे पहाऱ्याची एक खोपटी होती. तिथे एक माणूस, सोबत एक फोन. दर अर्ध्या तासाने फोन फिरवून त्याने सांगायचं, सब ठीक. दोन तासांनी दुसरा माणूस जाऊन त्याला सोडवायचा. त्या दुसऱ्या माणसाला बदली म्हणतात. बदली आल्याशिवाय पहारेकऱ्याने जागा सोडायची नाही, हा नियम. त्या दिवशी दुपारी दोन वाजता समाधानची पाळी संपत होती आणि बदली होता वाल्मीक. बारापासून वादळ सुरू झालं होतं. वाल्मीकने कोट घातला, बूट घातले, आणि खालून, मुख्य तळावरून वायरलेसवर आवाज आला: हवा सुधारेपर्यंत कुणीही हलायचं नाही.

"फोन माझ्याच हातात होता," वाल्मीक म्हणाला. "दर अर्ध्या तासाने समाधान सांगायचा, सब ठीक, बदली भेजो. मी खाली विचारायचो. खालून यायचं, हालचाल नको. मी त्याला सांगायचो, थांब. सोळा वेळा मागितली त्याने बदली. सतराव्या वेळी फोन वाजला, मी उचलला नाही. काय सांगणार होतो? अठराव्यांदा वाजलाच नाही."

 ऋचाला समाधानकाकांचं मानपत्र पाठ होतं, लहानपणी शाळेत वाचून दाखवलं होतं तिने. शेवटच्या क्षणापर्यंत 'सब ठीक' कळवत राहिलेल्या या वीराने स्वेच्छेने आपली जागा सोडली नाही.

"त्यांनी अर्धंच वाक्य लिहिलं," ती हळूच म्हणाली.

"अर्धंच. मी तेव्हा ऐन तिशीत होतो, मला वाटायचं खाली कुणीतरी आहे ज्याला सगळं दिसतंय. त्यालाच मी देश म्हणायचो. मानपत्र वाचलं आणि कळलं, खाली एक माणूस होता, त्यालाही त्याच्या खालच्याने सांगितलं होतं. पुढे सतरा वर्षं नोकरी केली. सलाम ठोकले. कशाला ठोकतोय ते कधी बघितलं नाही."

"पण पप्पा, हुकूमच होता ना. तुम्ही काय करणार होता?"

"तीनशे पावलं चालणार होतो."

ऋचाने नेहमीच्या सवयीने मीठदाणीखालचा कागद ओढून काढला, काहीतरी हातात हवं म्हणून. तो वाचता वाचता थांबली. मग चष्मा आणून वडिलांच्या हातात दिला. निळ्या कार्बनमध्ये दोन रकाने होते. 'ट्रंक मिळाली' हा रकाना रिकामा होता. वाल्मीकची सही होती शेजारच्या रकान्यात. वर छापलं होतं: बदली.

तिने तिथल्या तिथे राघवला फोन लावला. तो लातूरहून परतीच्या गाडीत होता. म्हणाला, ताई, आपल्या वहीत असा रकाना नाही, मी वही घेऊनच बसलोय, सांगू का वाचून?

ऋचा म्हणाली, उद्या मी रजा टाकते. वाल्मीकने नको म्हटलं, नव्या घराच्या करारावर सही करायची आहे, तू जा. सकाळी निघताना ती दारात घुटमळली. "दोन वाजता मी तुमच्या मोबाइलवर फोन करीन. उचला."

"दोन वाजता मला दुसरा फोन आहे," वाल्मीक म्हणाला आणि हसला. कित्येक दिवसांनी त्याच्या मिशीखाली ती जुनी खट्याळ रेघ दिसली, म्हणून ती निर्धास्त गेली.

७

पावणेदोनला वाल्मीकने दाढी केली. लोकरीचे मोजे घातले, निवृत्तीच्या वेळचे बूट घातले, नऊ नंबरचे. कोट शोधला नाही, कारण दिल्लीत चौतीस डिग्री होती आणि लोक काय म्हणतील, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मागच्या खोलीत जाऊन चादर ताणली, कोपरे दुमडले. कुणी थकून आलं तर नीट असावी.

दोनला फोन वाजला. त्याने उचलला.

आधी फक्त वारा. मग त्या वाऱ्याच्या पलीकडे कुणीतरी श्वास गोळा करत असल्यासारखा आवाज, आणि तो बोलायच्या आत वाल्मीक म्हणाला, "मी निघालोय. जागेवरच राहा, समाधान."

पलीकडे पुन्हा वारा. मग, अगदी हळू, "सब ठीक."

मागच्या खोलीला बाल्कनी होती. तिच्या दाराखालून पांढरा उजेड येत होता, दुपारच्या उन्हापेक्षा जरा जास्त पांढरा. वाल्मीकने कडी काढली. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत रुतलं. त्याने मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन. दीडशेच्या आसपास समोरून कुणीतरी आलं, डोकं खाली घालून, ओल्या लोकरीच्या आणि रॉकेलच्या वासाचं. ते त्याच्या खांद्याला खांदा घासून गेलं. पहारा सोपवताना माणूस चेहऱ्याकडे बघत नाही, नुसतं सांगतो आणि निघतो. वाल्मीकनेही वळून पाहिलं नाही. पाठीमागे, खूप लांब, कबुतरं घुमत होती. मग तीही ऐकू येईनात.

८

पुढचं ऋचाच्या तोंडचं. ती कधी थापा मारत नाही, हा तिच्यातला मोठाच दोष.

दोनला तिने लावलेला फोन नुसता वाजत राहिला. करारावरची सही उरकून सहाला ती आली तर दार सताड उघडं. फोनचा रिसीव्हर खाली लोंबत होता. मागच्या खोलीत चादरीवर खोल, ओला खळगा, जणू कुणी खूप वर्षांनी पोटभर झोपून उठलंय. दिवाणाखालचे सात नंबरचे बूट नव्हते. त्यांचे ओले ठसे बाहेर गेले होते. जिन्याने खाली, कबुतरांच्या विष्ठेवरून, गेटबाहेर, थेट बाजाराच्या तोंडापर्यंत. ठसे घाईचे नव्हते. एका रसवंतीपाशी दोन्ही पाय जुळवून थांबल्याची खूण होती. मग गर्दीत मिसळले. नऊ नंबरचा एकही ठसा तिला कुठे सापडला नाही.

तिने पोलिसांत तक्रार दिली, फोटो दिला, पार्कातल्या सगळ्यांना विचारलं. महिनाअखेर ब्लॉक रिकामा झाला.

आता ती नोएडाला अकराव्या मजल्यावर राहते. गेल्या ऑक्टोबरात राघव आला. ट्रंक तीच होती, नाव नवं रंगवलेलं होतं: वाल्मीक मेश्राम. राघवने ती नाव भिंतीकडे करून ठेवली. त्याने वही उघडली आणि सवयीने बोट ठेवलं. ऋचाने त्याचं बोट बाजूला केलं आणि सगळं पान वाचलं. सुभेदार वाल्मीक मेश्राम, स्वेच्छेने पहाऱ्यावर रुजू. मानपत्रातल्या त्या 'स्वेच्छेने' शब्दाचा तिच्या वडिलांना इतका राग होता. आणि या वेळी तो खरा होता. शेजारी बदलीचा रकाना होता, रिकामा. तिने 'ट्रंक मिळाली' याखाली सही केली, पेनाला टोपण लावलं, आणि राघव गेल्यावर कितीतरी वेळ ते टोपण काढत-घालत बसली.

तिच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी सोसायटीचा इंटरकॉम आहे. गेटवरचे गार्ड सांगतात, आम्ही लावत नाही, मॅडम. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनला तो वाजतो, लांब, खरखरीत. मग अडीचला. ती पोळी तव्यावर टाकून येते, हात पुसते, उचलते. आधी वारा असतो.

"सब ठीक," पलीकडून येतं. पुढे काहीच नाही. पुढचं अर्धं वाक्य ते कधीच म्हणत नाहीत.

"ठीक, पप्पा," ती म्हणते. "मी आहे इथे."

अजून तरी एकही घंटी तिने चुकवलेली नाही.